किटलीपासून कारखान्यापर्यंत एकच चेहरा: 'ब्रँड गाईडलाईन'ची सुरुवात करणारे पीटर बेहरेन्स कोण होते?

डिझाइन शिकणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण तुमच्या ओळखीत असेल, तर सबमिशनच्या आठवड्यात त्यांच्या लॅपटॉपवर हे काम चाललेलं तुम्ही नक्की पाहिलं असेल. एखादी कंपनी निवडायची, खरी किंवा काल्पनिक, आणि तिची 'इंटरॅक्टिव्ह ब्रँड गाईडलाईन' तयार करायची.

म्हणजे नेमकं काय करायचं? तर त्या कंपनीने जगासमोर कसं दिसायचं याची नियमावली बनवायची. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची, रंग कोणते, फॉन्ट कोणता, फोटो कसे हवेत आणि काय अजिबात करायचं नाही, हे सगळं त्यात येतं. पूर्वी ही नियमावली छापील पुस्तक असायची, मग तिची पीडीएफ झाली. आता ती वेबसाइट असते. रंगावर क्लिक केलं की त्याचा कोड कॉपी होतो. स्लायडर सरकवला की लोगो लहान होत जातो आणि कुठल्या आकारानंतर तो ओळखू येत नाही, ते डोळ्यांसमोर दिसतं.

हे सगळं मोबाईल आणि स्टार्टअपच्या काळातलं वाटतं. पण एका कंपनीची जाहिरात, वस्तू, अक्षरं आणि इमारती, सगळं एकाच विचारातून दिसायला हवं, हा प्रयोग शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये झाला होता. तो करणाऱ्या माणसाने डिझाइनचं शिक्षण घेतलं नव्हतं. तसा कोर्सच तेव्हा नव्हता.

त्यांचं नाव पीटर बेहरेन्स. जगातले पहिले इंडस्ट्रियल डिझायनर आणि कॉर्पोरेट आयडेंटिटीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांची गोष्ट प्रेरणादायी आहेच, पण शेवटाकडे ती अस्वस्थही करते. त्यामुळे पूर्ण वाचा.

चित्रकाराने स्वतःचं घर बांधलं

बेहरेन्स यांचा जन्म १४ एप्रिल १८६८ रोजी हॅम्बर्गमध्ये झाला. कार्ल्सरूहे आणि ड्युसेलडॉर्फ इथे ते चित्रकला शिकले आणि मग म्युनिकमध्ये स्थायिक झाले. १८९० च्या दशकात म्युनिकमध्ये तरुण कलाकारांची एक फळी जुन्या कलासंस्थांवर नाराज होती. बेहरेन्स त्या फळीत होते.

सुरुवातीला ते चित्रं काढत, लाकडावर कोरून ठसे छापत. मग त्यांना वाटू लागलं की भिंतीवर टांगायच्या चित्रापेक्षा आपण रोज हाताळतो त्या वस्तूंवर काम करायला हवं. काचेचे ग्लास, ताटं, खुर्च्या असं करत ते चित्रकलेपासून लांब गेले.

१८९९ मध्ये त्यांना एक मोठी संधी मिळाली. हेसे प्रांताचे ग्रँड ड्यूक एर्न्स्ट लुडविग यांनी डार्मश्टाट शहरात कलाकारांची एक वसाहत उभारायचं ठरवलं आणि बेहरेन्सना बोलावून घेतलं. या वसाहतीतली बाकीची घरं योझेफ ओल्ब्रिख या आर्किटेक्टने डिझाइन केली. बेहरेन्सनी मात्र स्वतःचं घर स्वतःच डिझाइन केलं. आर्किटेक्चर ते कुठेही शिकले नव्हते.

१९०१ च्या प्रदर्शनात हे घर लोकांसाठी खुलं झालं. दरवाजा, फर्निचर, काटे-चमचे, काचेची भांडी, सगळ्यावर एकाच हाताची छाप होती. त्याच सुमारास त्यांनी ओफेनबाखच्या एका टाइप फाउंड्रीसाठी स्वतःची अक्षरंही तयार केली. 'बेहरेन्स श्रिफ्ट' या नावाने तो टाइप बाजारात आला.

घर असो की अक्षर, सगळ्यामागे एकच विचार हवा, हे बेहरेन्स इथे शिकले. पण ते एका माणसाचं घर होतं. हेच हजारो कामगारांच्या कंपनीसाठी करता येईल का, हा प्रश्न अजून यायचा होता. मधली काही वर्षं, १९०३ ते १९०७, ते ड्युसेलडॉर्फच्या कला आणि कारागिरीच्या शाळेचे संचालक होते.

वीज कंपनीला चित्रकार कशाला हवा होता?

आता थोडं एईजीबद्दल. एमिल राथेनाऊ नावाच्या इंजिनिअर उद्योजकाने १८८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एडिसनचे विजेचे दिवे पाहिले आणि जर्मनीसाठी त्याचे हक्क मिळवले. १८८३ मध्ये कंपनी सुरू झाली, १८८७ मध्ये तिचं नाव एईजी झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एईजी ही जगातल्या सर्वात मोठ्या वीज कंपन्यांपैकी एक होती. टर्बाइन, मोटर, बल्ब, पंखे, किटल्या, सगळं ती बनवायची.

अडचण अशी होती की या कंपनीला स्वतःचा असा चेहरा नव्हता. वीज ही अगदी नवी गोष्ट, पण तिच्यावर चालणाऱ्या वस्तू जुन्याच थाटात यायच्या. दिव्यांवर वेलबुट्टी असायची आणि विजेची उपकरणं जुन्या काळातल्या भांड्यांची नक्कल करायची. कंपनीची चिन्हंही बदलत होती. १८९६ चं चिन्ह फ्रान्झ श्वेख्टन या आर्किटेक्टचं, तर १९०० चं ओटो एकमन या कलाकाराचं, नागमोडी वळणांचं.

१९०७ मध्ये एईजीने बेहरेन्सना कलाविषयक सल्लागार म्हणून नेमलं. कंपनीचे संचालक पॉल योर्दान यांचा यात मोठा वाटा होता. बेहरेन्स कंपनीचे नोकर नव्हते. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता आणि बाहेरची कामंही ते घेत. पण कंपनीच्या दिसण्याशी संबंधित जवळपास प्रत्येक गोष्टीत त्यांचा शब्द चालणार होता.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९०७ मध्ये, म्युनिकमध्ये 'डॉइचर वेर्कबुंड' ही संघटना स्थापन झाली. कलाकार आणि कारखानदार यांनी एकत्र येऊन जर्मन वस्तूंचा दर्जा सुधारायचा, हा तिचा उद्देश. संस्थापकांमध्ये बेहरेन्सही होते.

लोगो, अक्षरं आणि एक किटली

पहिलं काम आर्क लॅम्पचं होतं. हे मोठे दिवे तेव्हा कारखान्यांत, स्टेशनांवर आणि रस्त्यांवर लागायचे. बेहरेन्सनी त्यांच्यावरची नक्षी काढून टाकली आणि बाहेरचा आकार साधा, मोजका ठेवला. दिवा कसा काम करतो ते त्याच्या आकारातूनच कळावं, असा प्रयत्न होता.

मग लोगो आला. १९०८ मध्ये त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखं चिन्ह केलं. एका षटकोनात तीन छोटे षटकोन आणि प्रत्येकात एक अक्षर. १९१२ मध्ये त्यांनीच ते आणखी साधं करून फक्त तीन अक्षरांवर आणलं. कंपनीसाठी त्यांनी रोमन वळणाची खास अक्षरंही तयार केली. त्या काळी जर्मनीत छापील मजकूर बहुतेक करून टोकदार गॉथिक लिपीत असायचा. त्यामुळे एईजीचं पत्रक किंवा पोस्टर हजारांत उठून दिसायचं. माहितीपत्रकं, जाहिराती, प्रदर्शनातले स्टॉल, सगळीकडे तीच अक्षरं आणि तीच भूमितीची शिस्त.

पण सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे १९०९ ची विजेची किटली.

बेहरेन्सनी एक सुंदर किटली बनवून विषय संपवला नाही. त्यांनी सुट्या भागांचा संच ठरवला. भांड्याचे तीन मूळ आकार, तीन मापं, वेगवेगळे धातू, वेगवेगळे पृष्ठभाग. त्याला जोडायची झाकणं, मुठी आणि तळ यांचेही ठरावीक पर्याय. वेत गुंडाळलेली मूठ तर त्या किटलीची ओळखच झाली. हे सगळे भाग अदलाबदल करून साधारण ८० प्रकारच्या किटल्या बनू शकत होत्या. प्रत्यक्षात त्यातल्या ३० बाजारात आल्या.

जरा थांबून बघा, हे काय आहे. ग्राहकाला निवड आहे, कारखान्याला मोजकेच भाग बनवायचे आहेत आणि कुठलीही किटली उचलली तरी ती एईजीचीच दिसते. आज ब्रँडच्या वेबसाइटवर आपण रंग, आकार, पार्श्वभूमी बदलून बघतो आणि काहीही निवडलं तरी ब्रँड ओळखू येतो. तत्त्व तेच आहे. स्क्रीन नव्हती, एवढाच फरक.

म्हणूनच डिझाइनच्या विद्यार्थ्यासाठी बेहरेन्स यांचा लोगोपेक्षा त्यांची किटली जास्त शिकवते. 'इंटरॅक्टिव्ह' करायचं म्हणजे बटणं आणि ॲनिमेशन घालायचं, असं अनेकदा वाटतं. पण काय बदलू द्यायचं आणि काय कधीच बदलू द्यायचं नाही, हे आधी ठरलेलं नसेल तर बटणं दाबून हाती काही लागत नाही.

कारखानाच झाला जाहिरात

१९०९ मध्येच बर्लिनच्या मोआबिट भागात एईजीचा टर्बाइन कारखाना उभा राहिला. लोखंड, काच आणि काँक्रीट. दर्शनी भागाच्या वरच्या पट्टीवर तोच षटकोनी लोगो. या इमारतीचं चित्र आज आधुनिक आर्किटेक्चरच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडतं.

तिच्यात एक गंमत आहे. समोरचे दोन भरभक्कम कोपरे बघून वाटतं की सगळा भार तेच पेलतात. प्रत्यक्षात भार आहे लोखंडी सांगाड्यावर. तो सांगाडा कार्ल बेर्नहार्ड या इंजिनिअरचा. काँक्रीटचे कोपरे म्हणजे फक्त आवरण. बेहरेन्सना कारखान्याला एखाद्या देवळासारखं वजन द्यायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी इमारतीच्या खऱ्या रचनेपेक्षा वेगळं काहीतरी दाखवलं.

ब्रँडिंगचं बळ आणि ब्रँडिंगचा धोका, दोन्ही या एका इमारतीत दिसतात. दिसणं इतकं प्रभावी असू शकतं की आत काय आहे हे बघायची गरजच वाटत नाही.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी एईजीसाठी बर्लिनमध्ये आणखी कारखाने डिझाइन केले आणि शहराबाहेर हेनिग्सडोर्फमध्ये कामगारांसाठी घरंही.

त्या स्टुडिओत कोण कोण होतं?

बेहरेन्स यांचा स्टुडिओ बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्गला होता. तिथे त्या काळात मदतनीस म्हणून काम केलेल्या तीन तरुणांची नावं वाचा. वॉल्टर ग्रोपियस, मीस व्हॅन डेर रोह आणि पुढे ल कॉर्बुझिए नावाने ओळखला गेलेला एक स्विस मुलगा. विसाव्या शतकातल्या आर्किटेक्चरची दिशा ठरवणारे हे तिघेही एकाच स्टुडिओतून गेले.

आपल्याकडचा धागाही इथेच जुळतो. ल कॉर्बुझिएने पुढे चंदीगड शहराची आखणी केली. ग्रोपियसने १९१९ मध्ये जर्मनीत 'बाउहाउस' ही शाळा सुरू केली आणि नंतर अमेरिकेत हार्वर्डमध्ये शिकवलं. तिथे त्याच्या हाताखाली शिकले कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे. मुंबईच्या जे. जे. मधून शिकलेल्या कानविंदेंनी पुढे आयआयटी कानपूरचा कॅम्पस डिझाइन केला.

नियम मोठे की कलाकार?

आज आपण ज्याला ब्रँड मॅन्युअल म्हणतो, तशी जाडजूड नियमावली बेहरेन्सनी एईजीसाठी लिहून ठेवली नाही. एखादी गोष्ट एईजीसारखी दिसते की नाही, हे शेवटी त्यांच्या नजरेवर ठरायचं.

यात मेख आहे. नजर एका माणसाची असते, कंपनी मात्र अनेकांची. तो माणूस निघून गेला की काय? नियम ठरवून द्यावेत की कलाकाराला मोकळं सोडावं, यावरून १९१४ मध्ये कलोनमध्ये वेर्कबुंडच्या संमेलनात मोठा वाद झाला. हेर्मान मुथेझियस यांनी ठरावीक प्रमाण रूपांची बाजू घेतली, तर हेन्री व्हॅन डे व्हेल्डे यांनी कलाकाराच्या स्वातंत्र्याची. काही आठवड्यांतच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि वाद तिथेच राहिला.

पुढे कंपन्या आणि सरकारी संस्था वाढल्या, तसे नियम कागदावर आले. न्यूयॉर्क सबवेचं १९७० चं ग्राफिक्स मॅन्युअल आणि त्याच दशकातलं नासाचं मॅन्युअल आजही डिझाइनचे विद्यार्थी चाळतात. एका माणसाच्या डोक्यातली नजर कुणालाही वापरता यावी, यासाठी ही पुस्तकं होती. आजची इंटरॅक्टिव्ह गाईडलाईन त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

जे कुठल्याच गाईडलाईनमध्ये नसतं

आता गोष्टीचा अस्वस्थ करणारा भाग.

युद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ जर्मन विचारवंत आणि कलाकारांनी एक जाहीरनामा काढला. बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने अत्याचार केल्याचे आरोप त्यात फेटाळले होते. सह्या करणाऱ्यांत बेहरेन्स होते.

१९१६ मध्ये बर्लिनच्या संसद भवनावर, म्हणजे राइशस्टागवर, ही इमारत जर्मन जनतेला अर्पण करणारी अक्षरं बसवण्यात आली. जर्मनीच्या बातम्यांमध्ये तुम्ही ती नक्की पाहिली असतील. ती अक्षरं बेहरेन्सनी ॲना सायमन्स या सुलेखनकर्तीबरोबर तयार केली. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात जिंकलेल्या फ्रेंच तोफा वितळवून ती ओतली गेली. ओतकाम केलं लोव्ही या ज्यू कुटुंबाच्या फाउंड्रीने.

एईजी उभी करणारं राथेनाऊ कुटुंबही ज्यू होतं. एमिल राथेनाऊ १९१५ मध्ये वारले. त्यांचा मुलगा वाल्टर पुढे जर्मनीचा परराष्ट्रमंत्री झाला आणि जून १९२२ मध्ये कडव्या उजव्या गटाच्या तरुणांनी बर्लिनमध्ये त्याची हत्या केली.

बेहरेन्स १९२२ पासून व्हिएन्नाच्या कला अकादमीत शिकवत होते. कामं सुरू होती. होएख्स्ट इथे रंग आणि रसायनांच्या कंपनीचं कार्यालय, इंग्लंडमध्ये नॉर्थहॅम्प्टनला एक घर, बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झवर दोन मोठ्या इमारती.

मग हिटलर सत्तेवर आला. बाउहाउसची शाळा १९३३ मध्ये बंद पडली. ग्रोपियस आणि मीस दोघांनीही पुढे जर्मनी सोडली. बेहरेन्सनी वेगळा रस्ता धरला. १९३४ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. १९३६ मध्ये त्यांना बर्लिनच्या प्रशियन कला अकादमीत पद मिळालं.

त्यांच्या आधुनिक कामामुळे काही नाझी नेत्यांचा त्यांना विरोध होता. पण सेंट पीटर्सबर्गमधला जर्मन दूतावास हिटलरला आवडत असे आणि ती इमारत बेहरेन्सचीच होती. अल्बर्ट श्पेअर नव्या बर्लिनसाठी जो भव्य रस्ता आखत होता, त्यावरच्या एईजीच्या मुख्यालयाचं काम त्यांना मिळालं. ज्या कंपनीने त्यांना नाव दिलं, तिच्यासाठीच त्यांनी शेवटचं मोठं काम केलं. ती इमारत कधीच बांधली गेली नाही.

२७ फेब्रुवारी १९४० रोजी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं ७१. त्यानंतरच्या वर्षांत, ज्यांनी संसदेवरची अक्षरं ओतली त्या लोव्ही कुटुंबातल्या काही जणांना नाझींनी मारून टाकलं. अक्षरं मात्र आजही तिथेच आहेत.

मग यातून काय घ्यायचं?

एईजी ही कंपनी १९९६ मध्ये संपली. नाव उरलं आहे आणि ते आजही वॉशिंग मशीन आणि ओव्हनवर दिसतं. टर्बाइनचा कारखाना संरक्षित इमारत म्हणून उभा आहे. किटल्या न्यूयॉर्कच्या मोमासारख्या संग्रहालयांत आहेत.

तुम्ही स्वतः ब्रँड गाईडलाईनचं सबमिशन करत असाल, तर बेहरेन्स यांच्या कामातून तीन गोष्टी थेट उचलता येतील. एक, लोगोपासून सुरुवात करू नका. आधी कंपनी काय काय बनवते आणि लोकांना ती कुठे कुठे भेटते, याची यादी करा. बेहरेन्सनी दिव्यापासून सुरुवात केली होती. दोन, सुटे भाग ठरवा आणि ते एकमेकांत कसे बसतील ते तपासा. ८० शक्यतांपैकी ३० निवडणं हेही डिझाइनच आहे. तीन, तुमची नजर दुसऱ्याला वापरता आली पाहिजे. तुम्ही खोलीत नसताना एखाद्या नवख्या माणसाने ती वेबसाइट उघडली, तर त्याला योग्य पोस्टर बनवता यायला हवं.

आणि चौथी गोष्ट त्यांच्या आयुष्यातून. कुणासाठी काम करायचं, या प्रश्नाचं उत्तर स्लायडर सरकवून मिळत नाही. बेहरेन्स यांची अक्षरं ज्यू उद्योजकाच्या बल्बवर जेवढी देखणी दिसत होती, तेवढीच ती त्या उद्योजकाच्या समाजाला संपवायला निघालेल्या राजवटीच्या मुख्यालयांवरही दिसली असती. अक्षरांना तो फरक कळत नाही. तो कळायला हवा होता बेहरेन्सना.